छातीवरचा पाय

गेल्या महिन्यात अमरावतीच्या एका थिएटरात मी भांडण केलं. पडद्यावर तो पंजाबी गायक होता. आता त्याला गायक म्हणायचं तरी कसं, सात-आठ वर्षांत गाणी कमी आणि सिनेमेच जास्त. या सिनेमात तो म्हातारा पहिलवान झालाय. पांढरी दाढी, मोडलेले कान, आणि समोर एक तरणाबांड गडी. तो गडी याला खांद्यावरून उचलून आपटतो. आणि पडता पडता हा हवेतच वळला, पोटावर पडला, पाठ मातीला लागूच दिली नाही. शिट्ट्या, टाळ्या. माझ्या मागचा एकजण म्हणाला, "काय मेहनत घेतली असन गड्यानं!"

मी उभा राहिलो आणि ओरडलो, "थे पलटी माह्या बापाची हाय!"

लोक हसले. कुणीतरी खाली बस म्हणालं, मी त्याची कॉलर धरली, बाकीचं दरवानाने निस्तरलं. बाहेर पायरीवर बसून मी पाणी प्यायलो. तिशी उलटली तरी राग काही उतरत नाही. तो बापाकडून आलाय, जमिनीबरोबर वाटणीत यावा तसा.

आम्ही फुलंवाले. मोर्शी रोडला आमचं वावर, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि अमरावतीच्या बाजारात बापाचं फुलांचं दुकान. पण गावात कुणी त्याला फुलंवाला म्हणत नसे. त्याला वस्ताद म्हणायचे. आमच्या घरामागे त्याचा आखाडा होता. काळ्या मातीच्या मुलखात आखाड्याची तांबडी माती बाहेरून आणावी लागते. बाप ती ट्रॉलीने आणायचा, चाळायचा, तिच्यात हळद, तेल, ताक घालून ती लग्नातल्या नवरीसारखी सजवायचा. आणि मग त्या मातीत आम्हाला आपटायचा.

त्याची शिकवण सोपी होती. तो मला उचलून फेकायचा. पोटावर पडलो तर पुन्हा उचलायचा. पाठीवर पडलो तर निंबाचा फोक. जिथे माती लागली असेल नेमका तिथे. आंघोळीला बसलं की मायला कळायचं आज किती वेळा पडलो ते. दिवसाला शंभर फेका, शंभर वेळा हवेत वळायचं. शेवटी शेवटी डोक्याला काही कळायच्या आत अंगच वळायचं. मांजर वळतं तसं.

आणि झोपेचंही तेच. आमच्या घरात पहिलवानाने उताणं झोपायचं नाही असा कायदा होता. दुपारी जेवून खाटेवर पडलो आणि झोपेत पाठीवर झालो की मांडीत लाथ बसायची. "कुशीवर हो बे. पहिलवान उताना झोपत नाई." माय म्हणायची, पोट्ट्याले झोपू तरी द्या. बाप म्हणायचा, झोपेत ज्याची पाठ लागली त्याची जागेपनीबी लागते. मला त्या लाथेचा संताप यायचा. पण सहा वर्षं हिवरखेडपासून चांदूर रेल्वेपर्यंतच्या जत्रांत एकाही गड्याने माझी पाठ लावली नव्हती. बाप तसं तोंडावर कधी म्हणाला नाही. फक्त मी जिंकून आलो की दुकानातला सगळ्यात जाड हार तो आखाड्यातल्या मारुतीला घालायचा, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. मला तेवढं पुरायचं. खरं सांगायचं तर मला दुसरं काहीच नको होतं.

त्याच काळात त्या पंजाब्याच्या गाण्यांनी वऱ्हाडात धुमाकूळ घातला होता. एकही वरात त्याच्याशिवाय निघत नसे. शब्द कुणाला कळत नव्हते. पिस्तूल, गाडी, दुश्मन एवढं कळायचं, आणि नाचायला तेवढं बस होतं. माझ्या देखत त्याच्या गाण्यावर दोन वरातींत डोकी फुटली. एकदा तर नवरदेवाच्या भावानेच नवरीच्या मामाच्या कपाळात बँडवाल्याचा ट्रम्पेट घातला. आम्हीही नाचायचो. मलाही तो आवडायचा, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग कळलं की तो हिरो होतोय, पहिलाच सिनेमा आहे, आणि शेवटच्या मारामारीचं शूटिंग अकोल्याबाहेरच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये आहे. मुंबईचा फाइट मास्टर आमच्या आखाड्यात आला. त्याला कमावलेल्या अंगाची अकरा पोरं हवी होती, व्हिलनचे गुंडे म्हणून. त्याने आम्हाला स्पष्ट सांगितलं की मार खायचा आहे, पडायचं आहे. बाप तेव्हा दुकानात होता. संध्याकाळी त्याने विचारलं, "काय करा लागते तिथं?"

मी म्हणालो, "काई नाई बाबा, मागं उभं राहाचं हाय नुसतं."

हे माझं खोटं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

पहिल्या दिवशी तो गायक आमच्यात येऊन बसला. गोरा, उंच, हाताचे तळवे मऊ. आम्हाला तो पहलवानजी म्हणायचा. माझा मोडलेला कान त्याने बोटाने चाचपला आणि म्हणाला, "मेरे दादाजी के भी ऐसे ही थे." त्याच्या आजोबांनी म्हणे त्याला लहानपणी आखाड्यात उतरवलं होतं, पण तो आठ दिवसांत पळाला आणि गाणं शिकला. मला तो फार चांगला वाटला. मी पोरांना म्हणालोसुद्धा, गडी आपल्यातला आहे.

दुपारपर्यंत त्याने आमच्यातल्या एकाचं नाक मोडलं होतं. मुद्दाम नाही. फाइट मास्टर आकडे मोजायचा आणि दोनवर ठोसा चेहऱ्याजवळून जायला हवा, तेव्हाच आम्ही मान झटकायची. पण हा गाणारा माणूस. त्याला तालाच्या किंचित मागे राहायची सवय. आमची मान झटकून पुन्हा जागेवर यायची तेव्हा याची मूठ पोचायची. कडकन आवाज आला, रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडालं, आणि फाइट मास्टर खूश झाला. शर्ट बदलू नका म्हणाला. संध्याकाळपर्यंत आणखी दोघांचे ओठ फाटले. तो दर वेळी सॉरी पहलवानजी म्हणायचा. तिसऱ्या वेळेनंतर म्हणेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर होता. मी सगळ्यात थोराड, म्हणून शेवटचा. त्याने मला खांद्यावरून घेऊन आपटायचं, मी पाठीवर पडायचं, आणि त्याने माझ्या छातीवर पाय ठेवून कॅमेऱ्याकडे पाहायचं. खाली कापसाचा थर अंथरून वर माती पसरली होती. लागण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या वेळी मी हवेत वळलो आणि पोटावर पडलो.

"पीठ पे, पीठ पे!" फाइट मास्टर ओरडला. मी हो म्हणालो. दुसऱ्या वेळीही वळलो. तिसऱ्या वेळी मी स्वतःला बजावलं होतं, दात आवळले होते, तरी जमीन जवळ आली की अंग आपोआप फिरायचं. माझ्या हातात ते नव्हतंच. शंभर फेका रोज, दहा-बारा वर्षं. फाइट मास्टरने आधी समजावलं, मग माझ्या मायवरून शिव्या दिल्या. पाचव्यांदा, सहाव्यांदा तेच.

जिनिंगच्या कंपाउंडच्या भिंतीवर अकोल्याची पब्लिक चढून बसली होती. त्यांना आधी कंटाळा आला होता. आता त्यांना कळलं की ही कुस्ती आहे. वऱ्हाडी माणसाला शूटिंग कळत नसेल, कुस्ती कळते. भिंतीवरून एकजण ओरडला, "अबे ह्या पंजाब्याच्यानं पाठ नाई लागून राह्यली!" मग मोजणी सुरू झाली. सात! आठ! मी पोटावर पडलो की भिंतीवर शिट्ट्या. पोरं मोबाइल काढून उभी राहिली. तो गायक घामाने निथळत होता आणि त्याचा चेहरा तापत चालला होता. मला चित करायला हवं होतं त्याला, पण मी दर वेळी हवेतल्या हवेत निसटत होतो. आणि मला आतून मजा यायला लागली होती. हेही सांगून टाकतो.

नवव्या वेळी त्याने मला उचललं नाही. त्याने मारलं. ताल नाही, आकडा नाही. त्याच्या बोटात जाड खड्याची अंगठी होती, तिने माझी भुवई हाडापर्यंत उघडली. डोळ्यात रक्त आलं, जग लाल झालं. त्याच रक्तात मी वाकलो, त्याचा हात खांद्यावर ओढला आणि धोबीपछाड घातली. कापसावर नाही, बाजूच्या फरशीवर. त्याची पाठ लागल्याचा आवाज साऱ्या जिनिंगमध्ये गेला.

भिंत फुटल्यासारखी ओरडली. "चित! चित!"

मग त्याचे अंगरक्षक आले. सहा होते की आठ, मी मोजले नाहीत. पहिला बुक्का मानेवर बसला, मी पालथा पडलो, आणि पट्टे, बूट, गजाचे तुकडे सुरू झाले. आमची पोरं धावली, त्यांनाही तुडवलं. दुसरे काही भिंतीकडे गेले आणि लोकांचे मोबाइल हिसकावून फरशीवर फोडायला लागले. माझी एक बरगडी मोडल्याचं मला ऐकू आलं. पण मी पालथा होतो. पालथा पहिलवान मातीला चिकटला की त्याला उलटवणं सोपं नाही. चौघांनी हात घातले, दोघांनी केस धरले, नाही उलटलो. तोंडात कापूस आणि माती जात होती आणि मी मातीतच हसत होतो.

तो गायक उठून बसला होता. श्वास अजून जागेवर आला नव्हता त्याचा. त्याने मला उलटवण्याची ती धडपड पाहिली आणि तो माझ्या कानाशी आला. आवाज गाणाऱ्याचा राहिलाच नव्हता. "लेट जा यार. एक बार. मेरी पहली पिक्चर है." त्याला ठाऊक होतं तो काय मागतोय. आजोबांच्या कानाचं सांगणारा माणूस तो. माझ्याकडे ते मागितल्याचं त्याला वाईटही वाटत असावं. मी थुंकलो.

तेव्हा एकाने माझा उजवा पाय ओढून कापसाच्या दोन गठाणींवर आडवा ठेवला आणि दुसऱ्याने लोखंडी पहार उचलली. गुडघ्यावर. मला पहारीची सावली दिसत होती. मी डोळे मिटले आणि मातीत बोटं रोवली. मोडला तर मोडला. पाठ नाही लागणार.

आणि भिंतीकडून आवाज आला. "पाठ टेक!"

मला वाटलं भास झाला. तो आवाज मी हजार माणसांत ओळखला असता. सेटवरच्या गाण्यासाठी झेंडू लागत होता, आणि तो घेऊन बाप अमरावतीहून टेम्पोने आला होता. मला माहीत नव्हतं. किती वेळ तो भिंतीपाशी उभा होता, किती फेका त्याने पाहिल्या, अजूनही ठाऊक नाही.

"पाठ टेक रे! टेक ना बे गध्या, पाठ टेक!"

तिसऱ्या हाकेला आवाज फाटला होता. मी बोटं सैल केली आणि उलटलो. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून. वर जिनिंगचं पत्र्याचं छत होतं, त्याला भोकं पडली होती, त्यातून ऊन येत होतं. छातीवर पाय आला. मोडलेल्या बरगडीवरच. कुणीतरी कॅमेरा चालू केला. तो पाय थरथरत होता. फोटोत ते दिसत नाही.

मला उठवलं तेव्हा भिंत रिकामी होती आणि टेम्पो गेला होता. झेंडूची पोती तिथेच पडली होती.

सिनेमा आला आणि चालला. गाणी चालली, पण त्याहून चालला तो छातीवरचा पाय. पोस्टरवर तोच, जाहिरातीत तोच. पुढच्या दोन सिनेमांतही त्याने वेगवेगळ्या माणसांच्या छातीवर पाय ठेवला, कारण लोक त्याचीच वाट पाहायचे. पण मूळ फोटोत खाली मी होतो. फाटलेली भुवई, तोंडात माती, डोळे उघडे. अमरावतीत ऑटोंच्या मागे मी होतो, डीजेच्या गाड्यांवर मी होतो, सलूनच्या आरशावर मी होतो. वरातीत एखादं पोट्टं रस्त्यावर उताणं पडायचं, दुसरं त्याच्या छातीवर पाय ठेवायचं आणि सगळे नाचायचे.

चांदूर रेल्वेच्या जत्रेत माझ्या जोडीला आलेल्या गड्याने सलामी द्यायच्या ऐवजी हवेत पाय उचलून धरला. लोक खदखदून हसले. मी त्याचा हात पिरगाळला आणि तो मोडेपर्यंत सोडला नाही. पंचांनी मला बाहेर काढलं. त्यानंतर मी जत्रेत उतरलो नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते घरातलं. बाप त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नाही. मी खोटं का बोललो, हेही विचारलं नाही. आखाड्यात येईनासा झाला. निंबाचा फोक वळचणीला वाळून गेला. आणि दुपारी मी मुद्दाम, अगदी मुद्दाम, खाटेवर उताणा झोपायचो. छाती वर, हात पसरून. तो यायचा, पाहायचा, आणि टोपी खुंटीला लावून आत जायचा. एवढी वर्षं लाथ खाल्ली तेव्हा जेवढी लागली नाही, तेवढं ते लागायचं. मला वाटायचं, याच्या लेखी मी आता पहिलवान नाही. ज्याची पाठ लागली तो कसाही झोपो. दोन वर्षं असं चाललं.

मग एक दिवस दुकानासमोर ऑटो थांबली. मागे पोस्टर, आत त्याच सिनेमातलं गाणं, मोठ्याने. मी फुलांना पाणी मारत होतो. ऑटोवाला तरणा पोरगा होता, त्याला हार घ्यायचा होता. त्याने पोस्टरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसून म्हणाला, "अबे हा तर थोच हाय, खालचा!"

बापाने तराजूतलं दोन किलोचं वजन उचललं आणि ऑटोच्या मागच्या काचेत घातलं. ऑटोवाल्याने उतरून त्याच्या थोबाडीत मारली. साठी उलटलेला माणूस. मी फुलांच्या पाट्या ओलांडून पोचेपर्यंत बापाने त्या पोराचा हात खांद्यावर घेतला होता. धोबीपछाड, भर बाजारात, शेवंतीच्या ढिगाशेजारी. मग तो वाकून पोस्टर नखांनी ओरबाडायला लागला. काचेने त्याची बोटं कापली तरी थांबेना. मी मागून कवेत धरलं तर मलाही कोपर मारलं.

पोलीस स्टेशनात हवालदाराने त्याला बाकावर बसवलं. रुमाल गुंडाळलेले हात मांडीवर. हवालदार ओळखीचा होता, हार आमच्याकडूनच न्यायचा. म्हणाला, "वस्ताद, एका फोटोपायी? पोराचा शिनमातला फोटो हाय, लोकं तं मिरवतात."

बाप खाली पाहत होता. "थ्या फोटोत माह्या पोराले कोनी पाडलं नाई," तो म्हणाला. "चौघाच्यानं उलटला नाई थो. म्या टेकाले लावलं त्याले. त्याचा गुडघा जात होता साहेब. मले गुडघा पायजे होता त्याचा." मग त्याने हातावरचा रुमाल आवळला. "थो पाय माह्या छातीवर हाय. त्याच्या नाई. रोज बजारात पाह्यतो म्या."

मी दारात उभा होतो. त्याला ते माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. दोन वर्षं मी समजत होतो की त्याला माझी लाज वाटते. त्यालाच मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. भिंतीला डोकं टेकून मी तिथेच रडलो, आणि तक्रार लिहायला आलेला तो ऑटोवाला माझ्याकडे पाहत राहिला. पोरगा वाईट नव्हता. काच बसवून द्यायच्या बोलीवर त्याने तक्रार मागे घेतली. उरलेलं पोस्टर त्याने स्वतःच खरवडून काढलं.

घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. बाप हात धुवायला मोरीकडे गेला. मी थकलो होतो. सवयीने खाटेवर पडलो, उताणा, आणि डोळा लागला.

मांडीत लाथ बसली. अशी बसली की मी निम्मा खाटेखाली आलो.

"कुशीवर हो बे," बाप म्हणाला. "पहिलवान उताना झोपत नाई."

मी कुशीवर झालो. भिंतीकडे तोंड करून, कारण त्याला माझं तोंड दिसायला नको होतं. मांडी दोन दिवस दुखत होती.